ओटी दिली पाकिटात, मस्टरवर आठच तास: दावा कसा लावायचा?

पत्र

मी दिघ्याला राहते. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत शाम्पूच्या बाटल्यांच्या पॅकिंगला आहे, अठरा महिने झाले. ड्युटी सकाळी 8 ते रात्री 8, जेवायला अर्धा तास, चहा लाइनवरच येतो. रविवारी सुट्टी. पगार महिना 15,600 ठरलाय. ओटीचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, तासाला 60 रुपये देतात, तेही रोजचे तीनच तास धरून, पाकिटात रोख. पगाराच्या स्लिपवर ओटीचा उल्लेख नसतो. पगार 15 तारखेच्या आत कधी होत नाही आणि मागच्या दोन महिन्यांची ओटी अजून मिळालेली नाही. विचारलं तर ठेकेदार म्हणतो, कंपनी आमचं बिलच आठ तासांचं पास करते, आणि आता बारा तासांना सरकारचीच परवानगी आहे. कंपनीचे एचआर म्हणतात, तुम्ही आमच्या पेरोलवर नाही. दर महिन्याला रजिस्टरवर सही घेतात, पण वरचे रकाने कोरे असतात. आम्ही सहा जणी आहोत. सह्या केल्यात म्हणजे आमचं काही चालणार नाही का? आणि तक्रार केली तर काम जाईल का?
– पॅकिंगवाली, दिघा

उत्तर

ताई, चालेल. सह्या केल्या असल्या तरी चालेल, आणि पैसे ठेकेदाराने नाही दिले तर कंपनीकडेही मागता येतील. मात्र ‘आमच्यावर अन्याय होतोय’ एवढ्या अर्जावर पैसे मिळत नाहीत. कोणत्या तारखेला किती तास, कोणत्या दराने, किती मिळाले, किती बाकी, हा कागद तयार असेल तर मिळतात. तुमच्या सगळ्या प्रकरणाचा जीव त्या कागदात आहे, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच जाईल.

आधी ठेकेदाराची तीन वाक्यं निकालात काढू.

‘बारा तासांना परवानगी आहे.’ सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या तासांची मर्यादा वाढवायचा निर्णय घेतला, तेव्हापासून हे वाक्य टीटीसी, म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात गेटागेटावर ऐकू येतं. त्यातलं अर्धंच सांगितलं जातं. आठवड्याचे 48 तास त्या निर्णयातही 48 च आहेत आणि त्यापुढचं काम ओटीच आहे. तुमचे होतात 69. दिवसाला साडेअकरा तास काम, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे आठवड्याला 21 तास ओटी, कोणत्याही बाजूने मोजा. तिमाहीत किती तास ओटी करून घेता येते यालाही कमाल मर्यादा आहे. तुमचे तास तिच्या कितीतरी पुढे गेलेत. पण मर्यादा ओलांडल्याचा दोष करून घेणाऱ्याचा. केलेल्या तासांचे पैसे त्यामुळे बुडत नाहीत. शिवाय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 प्रमाणे ओटी कामगाराच्या संमतीनेच करून घ्यायची असते आणि बाईमाणसाला संध्याकाळी 7 नंतर थांबवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. तुमच्या पत्रात दोन्हींचा पत्ता नाही.

‘बिल आठ तासांचंच पास होतं.’ होत असेल. तो ठेकेदार आणि कंपनी यांच्यातला व्यवहार. तुमच्या पगाराशी त्याचा संबंध नाही. मात्र हे वाक्य त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कुठे लिहिलं असेल तर जपून ठेवा. बाकीचे साडेतीन तास काम होत होतं, याची ती कबुलीच आहे.

‘तुम्ही 60 रुपयांना हो म्हणालात.’ हे पत्रात नाही, पण सुनावणीत पहिल्याच तारखेला येईल. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहिता, 2019 मध्ये कलम 60 आहे: कायद्याने दिलेला वेतनाचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल. म्हणजे तोंडी कबूल केलं असो वा कागदावर, दुपटीपेक्षा कमी दर टिकत नाही. त्याच संहितेच्या कलम 14 मध्ये ओटीचा दर नेहमीच्या दराच्या दुपटीहून कमी नसावा असं म्हटलंय, आणि तोही प्रत्येक तासाला किंवा तासाच्या भागाला. तुमचा रोजचा अर्धा तास जो गायब होतो, तो याच शब्दांवर परत मागायचा. चहा लाइनवर, बेल्ट चालू असताना, एका हाताने पीत असाल तर ती विश्रांती नव्हे. जेवणाचा अर्धा तास तेवढा वजा होतो.

आता हिशेब. 15,600 ला 26 ने भागा: रोज 600. आठने भागा: तासाला 75. दुप्पट: 150. म्हणजे ठेकेदार देतो ते 60 रुपये ‘सिंगल’ सुद्धा नाहीत, साध्या तासापेक्षाही कमी आहेत. 26 दिवसांच्या महिन्यात साडेतीन तासांप्रमाणे 91 तास, गुणिले 150, झाले 13,650. तुम्हाला मिळतात 78 तासांचे 60 रुपयांनी 4,680. फरक महिन्याला 8,970 रुपये. अठरा महिन्यांचा ढोबळ आकडा 1,61,460, आणि अडकलेल्या दोन महिन्यांचे 4,680 प्रमाणे 9,360 त्यात घातले की 1,70,820. ही एकीची रक्कम. अर्जात हा ढोबळ आकडा टाकू नका, सुट्ट्या आणि गैरहजेरी वजा करून महिन्यागणिक खरा आकडा काढा. एका महिन्यात जरी सुट्टीच्या दिवशी ओटी लावलेली सापडली, तरी समोरचा वकील उरलेले सतरा महिने त्याच फटीतून बाहेर काढायला बघतो.

हिशेबाआधी एक गोष्ट तपासा. 15,600 हे किमान वेतनाला तरी पुरतात का? कामगार विभाग दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैला, उद्योगवार विशेष भत्ता जाहीर करतो. मूळ दर अधिक हा भत्ता म्हणजे किमान वेतन. बहुतेक अधिसूचनांत महापालिका हद्द पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या परिमंडळात येते आणि दर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे असतात. दोन ठिकाणी गडबड होते. एक, ठेकेदार कमी दराचा उद्योग दाखवतो. दोन, तीन वर्षं लेबलिंगचं मशीन चालवणारीला अकुशल दाखवतो. किमान वेतन 15,600 हून जास्त निघालं तर वरचा सगळा हिशेब त्या मोठ्या आकड्यावरून पुन्हा करायचा, आणि पगारातला फरक वेगळा मागायचा.

स्लिपवर मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत टाकलेलं असेल, तर तेही बघा. ओटी काढताना घरभाडे, प्रवास खर्च अशा ठरावीक बाबी वगळता येतात, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्यापुढे गेल्या की वरचा भाग परत वेतनात धरला जातो. बेसिक 6,000 दाखवून त्यावर ओटी काढायची युक्ती म्हणूनच चालत नाही.

आता तो कागद. शंभर पानी वही घ्या, सुटी पानं नकोत. रकाने असे: तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, जेवण, कामाचे तास, ओटीचे तास, कोणी थांबवलं, पुरावा. एक ओळ अशी दिसेल: ‘3 तारीख, आत 7.54, बाहेर 8.10, जेवण 12.30 ते 1, काम 11 तास 30 मिनिटं, ओटी 3 तास 30 मिनिटं, लाइन सुपरवायझरने थांबवलं, पंच दोन्ही वेळा, सोबत अमुक दोघी.’ शिफ्टच्या वेळेच्या आधी-नंतरची मिनिटं कामात धरू नका. वेळ मात्र घड्याळात दिसली तीच लिहा. रोज हुबेहूब 8.00 आणि 8.00 लिहिलेली वही एका बैठकीत भरल्यासारखी दिसते, आणि बहुतेक वेळा भरलेलीच असते. आजपासून रोज लिहा. मागचं आठवून लिहायचं असेल तर वेगळ्या भागात लिहा आणि वर स्पष्ट नोंदवा की हे आठवणीवरून आहे. दोन्ही मिसळू नका. सहा जणींच्या सहा वह्या हव्यात, एकीची नक्कल पाच जणींनी केली तर सहाही वाया जातात.

वहीला आधार देणाऱ्या गोष्टी तुमच्या फोनमध्ये पडून असतील. ‘आज डिस्पॅच आहे, सगळ्यांनी थांबा’ असा ग्रुपवरचा मेसेज, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि मूळ चॅटही तसंच ठेवा, फोन बदलताना उडवू नका. ओटीचं पाकीट मिळालं त्या दिवशी आकडा वहीत लिहा आणि पाकिटावर आकडा लिहिलेला असेल तर पाकीट जपा. सुपरवायझरने कधी यूपीआयने पाठवले असतील तर त्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आहेत. रोज रात्री सव्वाआठनंतर काढलेली लोकलची किंवा बसची मोबाइल तिकिटं हा एकटा पुरावा दुबळा, पण महिनाभराची रांग लागली की बोलका. कंपनीत फोन आत नेऊ देत नसतील तर मशीनचे फोटो चोरून काढू नका. त्यावरूनच कामावरून काढायचं कारण हातात द्याल.

कोऱ्या रकान्यांवर सही हा तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग. पुढच्या वेळी सही करताना शेजारी तारीख घाला आणि ‘रक्कम हक्क राखून स्वीकारली’ एवढे चार शब्द लिहा. लिहू देत नसतील तर त्याच संध्याकाळी ठेकेदाराला मेसेज करा: ‘आज अमुक वाजता रजिस्टरवर सही घेतली, रक्कम आणि तासांचे रकाने कोरे होते.’ उत्तर नाही आलं तरी चालेल, तारखेसह मेसेज पुरे. मागच्या सह्यांची काळजी इतकी करू नका. मस्टरवर अठरा महिने सगळ्या बायका रोज 8 ते 4.30 अशा एकाच सेकंदाला आल्या-गेल्या असतील, तर ते मस्टर स्वतःच्याच तोंडाने बोलतं.

मग समोरच्यांची नावं. हे कंटाळवाणं काम आहे आणि दावे इथेच अडकतात. ठेकेदाराच्या फर्मचं नाव दरवर्षी बदलतं. तुम्ही ज्याला ‘अमुक शेठ’ म्हणता त्या नावाची फर्म कागदावर असतेच असं नाही. पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक आणि ईएसआयसीचं कार्ड तिन्ही समोर ठेवा. वेगवेगळी नावं दिसली तर तिन्ही अर्जात घाला. पीएफचा यूएएन नंबर टाकून पासबुक उघडताना एक नजर महिन्यांवरही टाका. पगारातून पीएफ कापला आणि भरला नाही असं दिसलं तर ती पीएफ कार्यालयाकडची वेगळी तक्रार. कंपनीचं नाव गेटवरच्या पाटीवरून प्लॉट नंबरसह लिहून घ्या, बाटलीवरच्या ब्रँडवरून नको. ब्रँड एकाचा आणि कारखाना दुसऱ्याचा असणं पॅकिंगमध्ये नेहमीचं आहे.

कंपनीला का ओढायचं? वेतन संहितेच्या कलम 43 प्रमाणे नेमणाऱ्याने वेतन दिलं नाही तर ज्यांच्या मालकीची ती आस्थापना आहे त्यांच्यावर जबाबदारी येते. कंत्राटी कामगारांची संख्या 50 किंवा जास्त असेल तर वर आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम 55 प्रमाणेही ठेकेदाराने थकवलेलं वेतन मुख्य नियोक्त्याने, म्हणजे कंपनीने, द्यायचं आणि त्याच्या बिलातून वळतं करायचं. एचआरच्या ‘पेरोलवर नाही’ला एवढं उत्तर पुरतं. आणि व्यवहारात बघाल तर ठेकेदार तारखा पाडत राहतो, कंपनीला मात्र ऑडिट असतं, ग्राहक असतात. पैसे बहुतेकदा तिच्या दबावाने सुटतात.

अर्जाआधी एक पत्र पाठवा, ठेकेदार आणि कंपनी दोघांना, स्पीड पोस्टाने. धमकी नको, वकिली भाषा नको. मजकूर असा: ‘आम्ही खालील सह्या करणाऱ्या कामगार आपल्या रबाळे येथील प्लॉट नं. अमुक येथे अमुक तारखेपासून काम करतो. रोजच्या कामाची वेळ सकाळी 8 ते रात्री 8 आहे. जादा कामाचे वेतन दुप्पट दराने मिळालेले नाही. मागील दोन महिन्यांचे जादा वेतन मुळीच मिळालेले नाही. वेतन दरमहा 7 तारखेपूर्वी मिळत नाही. महिनावार तपशील सोबत जोडला आहे. 15 दिवसांत थकबाकी बँक खात्यात जमा करावी व तासांच्या उल्लेखासह वेतनचिठ्ठी द्यावी.’ पावती आणि पोस्टाच्या साइटवरची पोहोच छापून ठेवा. 7 तारखेचा नियम वेतन संहितेच्या कलम 17 चा. काम सुटलं किंवा काढलं तर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, हेही त्यातच आहे.

उत्तर नाही आलं तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जा. दिघा, रबाळे, महापे, तुर्भे, बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो. तळोजा एमआयडीसी, खारघर, पनवेल हे नवी मुंबई म्हणून ओळखलं जात असलं तरी रायगड जिल्ह्यात. तिथल्या बायका तुमचं बघून ठाण्याला आल्या तर हेलपाटा पडेल. कार्यालयात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक लोक पहिली करून दुसरी विसरतात. एक तक्रार: निरीक्षक कंपनीत जातो, रजिस्टर बघतो, कायदा पाळायला सांगतो, पुढे दंडाची कारवाई होऊ शकते. कमी वेतन दिल्याबद्दल पहिल्या वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, पण तो सरकारजमा होतो. दुसरी गोष्ट दावा: वेतन संहितेच्या कलम 45 खाली नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे. तुमचे पैसे यातून येतात. खिडकीवर स्पष्ट विचारा, ‘कलम 45 चा दावा घेणारे प्राधिकारी आमच्या भागासाठी कोण?’ अर्ज मराठीत चालतो. सहा जणींचा मिळून एकच अर्ज करता येतो, तो करा. एकटीचा अर्ज दबावाने मागे घ्यायला लावणं सोपं असतं.

प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. ही कमाल आहे, त्यावर घराचे हप्ते ठरवू नका, पण अर्जात मागा. मागितलीच नाही तर चर्चेलाही येत नाही. तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. जास्त लागला तर घाबरू नका. आदेश होऊन पैसे नाही दिले तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. दाव्याची मुदत आता तीन वर्षं आहे. तुमचा काही काळ ही संहिता लागू होण्याआधीचा असेल तर समोरचे जुन्या कायद्यातल्या सहा किंवा बारा महिन्यांच्या मुदतीचा आक्षेप घेतील. तरी पूर्ण अठरा महिने मांडा, जुन्या आणि नव्या काळाची बेरीज मात्र वेगवेगळी दाखवा, म्हणजे आक्षेप मान्य झाला तरी उरलेला दावा शाबूत राहतो.

अर्जासोबत आणखी एक छोटा अर्ज द्या: समोरच्यांनी पंचिंग मशीनचा मूळ डेटा, सुरक्षारक्षकांचं गेट रजिस्टर, ठेकेदाराने कंपनीला दिलेली बिलं आणि लाइनचं रोजचं उत्पादन रजिस्टर हजर करावं. वेतन दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कलम 59 प्रमाणे नियोक्त्यावर आहे. तुम्ही ते तास काम केलं हे मात्र आधी प्राधिकाऱ्याला पटेल असं तुम्हाला मांडावं लागतं. रात्री साडेसातला किती पेट्या भरल्या हे उत्पादन रजिस्टर सांगतं, आणि ते खोटं करणं मस्टरइतकं सोपं नसतं.

काम जाईल का? जाऊ शकतं, हे लपवण्यात अर्थ नाही. बहुतेकदा लेखी काढत नाहीत, गेटवर ‘उद्यापासून येऊ नका’ सांगतात आणि कागदावर ‘स्वतःहून काम सोडलं’ लिहितात. गेटवर अडवलं तर तिथूनच मेसेज करा, आणि त्याच दिवशी दोघांना स्पीड पोस्ट: ‘आम्ही कामावर हजर झालो, गेटवर अडवलं, आम्ही काम करायला तयार आहोत.’ हे न करता घरी बसलेल्या आठवड्याचा अर्थ पुढे तुमच्या विरोधात लागतो. मग कामगार कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज. तिथे 45 दिवसांत तोडगा नाही निघाला तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाता येतं, काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. ओटीचा दावा त्यामुळे थांबत नाही, तो स्वतंत्र चालतो. सहीचा राजीनामा कोऱ्या कागदावर मागितला तर पगार अडला तरी देऊ नका.

वकिलाच्या फीसाठी अडू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे महिलांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा 15100 वर फोन करा. कार्यालयाबाहेर ‘मिळतील त्यातले तीस टक्के द्या’ म्हणणारे भेटतील; वकिलाला निकालाच्या टक्क्यावर फी ठरवायची मुभाच नाही, आणि जो वकील नाही त्याच्या हाती मूळ स्लिपा कशाला द्यायच्या? मूळ कागद कुणालाच देऊ नका, झेरॉक्स द्या.

एक शेवटचा धोका तडजोडीचा. दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला ठेकेदार जिन्यात गाठून ‘वीस-वीस हजार घ्या, मिटवा’ म्हणतो. मिटवायला हरकत नाही, रक्कम पटत असेल तर जरूर मिटवा. पण प्राधिकाऱ्यासमोर लेखी, कोणत्या महिन्यांची किती हे मांडून, रक्कम प्रत्येकीच्या खात्यात. आणि खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच अर्ज मागे घेण्याच्या कागदावर सही.